वकीलही तुम्हीच, फाशी देणारेही तुम्हीच

शेरीफसाहेब,

तुम्हाला मराठी कळत नाही आणि हे पत्र कुठे टाकायचंही नाही, तेव्हा मी मनसोक्त बोलणार आहे. तुम्हाला जाऊन दोनशे वर्षं होत आली आणि मी इथे क्योतोत बसून तुमच्यावर प्रबंध लिहितेय. अमेरिकेतल्या एका लहानशा काउंटीतले तुम्ही वकील. एका लोहाराच्या बाजूने खटला लढवलात, हरलात, त्याला फाशीची शिक्षा झाली. ती होण्याआधीच तुम्ही शेरीफ म्हणून निवडून आलात, आणि फाशी देणं शेरीफचं काम. हाताखालच्याला सांगता आलं असतं, राजीनामा देता आला असता. पण नाही! त्याच्या गळ्यात दोर तुम्हीच घातलात. परक्याच्या हातून मरण्यापेक्षा माझ्या हातून बरं, म्हणे. काय मेहेरबानी हो! आमचे सेन्सेई, म्हणजे माझे प्राध्यापक, म्हणतात, किती कर्तव्यदक्ष माणूस. मी मान डोलावते.

खरं तर मला तुमची कीव यायची. कालपर्यंत. माझा नवरा इथल्या एका कंपनीत आहे आणि सध्या सगळीकडे मंदी आहे. त्यानेच पुण्याहून आपल्या मित्राला इथे नोकरीला आणलं. आमच्यासारख्या परदेशी माणसांना इथे जामीन असल्याशिवाय घर मिळत नाही, तर जामीनही हाच राहिला. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा, ते त्या मित्राच्या बायकोला मी शिकवलं. त्यांची मुलगी आता जपानीत भांडते. आणि काल जेवताना नवरा म्हणतो, "त्याला काढायचं ठरलंय. उद्या मीच सांगणार आहे."

"तूच का? तुझे ते बॉस-सान कुठे गेले?"

"परक्याने सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं ना."

आमटीचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. "अरे, त्याच्यासाठी भांड तरी!" मी ओरडले.

"भांडलो एकदा. नाही ऐकलं," म्हणाला, आणि ताट पुढे करून आमटी मागितली.

लाज कशी वाटत नाही तुम्हा लोकांना? एकदा बाजू मांडली, हरलात, की सुटलात? वर पुन्हा माया दाखवायची!

फाशीच्या त्या सकाळी तुमची बायको तुम्हाला काय म्हणाली, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी पुष्कळ शोधलं. ती बोलली असती तर तुम्ही थांबला असता, असं मला वाटायचं. आज सकाळी नवरा दारात बसून बूट घालत होता. सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी होती. पण आमचं घरही त्याच नोकरीवर चालतं, शेरीफसाहेब. मी त्याच्या हातात डबा दिला आणि म्हटलं, "सांभाळून जा."