चौथ्या स्टेजचा देव

फाटा, ता. इंदापूर
मार्गशीर्ष, डिसेंबर १९९६

विजयसिंहराव यांस,

तुम्ही वयाने धाकटे म्हणून आशीर्वाद लिहावा, की साडू म्हणजे बरोबरीचे म्हणून नमस्कार, या विचारात दोन कागद वाया गेले. शेवटी दोन्ही पाठवतो. नको असेल ते सौ. कौसल्येला द्यावे. तुमचा मूतखडा पडल्याचे वाचून आनंद झाला. (आनंद हा शब्द इथे बरोबर आहे का, याची खात्री नाही, पण खेद तर नक्की झाला नाही.) इकडे सर्व ठीक. राजेश्वरीला ऊसगाड्यांच्या धुळीने खोकला झाला आहे, तरी बोलण्यात खंड नाही.

तुम्ही मुंबईहून आपल्या मेव्हण्यासाठी, सर्जेरावासाठी, जे व्हिडिओ गेमचे मशीन पाठवलेत, ते पोचले आणि चालले. त्यावरून इथे काय घडले ते कुणीतरी तिखटमीठ लावून तुमच्या कानावर घालणारच, त्याआधी मी अळणी सांगतो. सर्जेरावाने फाट्यावर जी पत्र्याची शेड मारली, ती जागा खंडोबा देवस्थानची. आणि देवस्थानचा चिटणीस मी. (पंचांत पदवीधर मी एकटा. विषय तत्त्वज्ञान असल्यामुळे गेल्या वीस वर्षांत त्या पदवीचा गावाला उपयोग व्हायचा योग आला नव्हता. तो आता आला, आणि आला नसता तर बरे झाले असते.)

तुम्ही मशीन पाठवलेत, पण खेळ पाहिला नसाल. एक तलवारवाला इसम जंगलातून निघतो, पूल ओलांडतो, किल्ल्यातून जातो आणि चौथ्या स्टेजला एका देवळात पोचतो. तिथे दिव्यांच्या रांगेत चार हातांची हिरवी मूर्ती बसलेली असते. ती डोळे उघडते, आग ओकते आणि तिला तलवारीने मारायचे असते; मेली की ती पेट घेते. बारामती एमआयडीसीतल्या दूध कारखान्याचे कामगार पाळी सुटली की मोटरसायकली लावून हे काम मन लावून करत. त्यांत रावजी नावाचा एक गडी सर्वांत तरबेज.

एके दिवशी ठमाबाई एसटीची वाट बघत सावलीला म्हणून शेडमध्ये शिरल्या. (आबाजी पुजारी हे पंचांचे अध्यक्ष, ठमाबाई त्यांची थोरली बहीण, म्हणजे अध्यक्षांच्याही अध्यक्ष.) त्यांना काचेत चार हात आणि दिवे दिसले. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या, कमरेच्या पिशवीतला भंडारा काचेला लावला, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा रावजीने मूर्तीचा जाळ केला होता.

"आरं मुडद्या, द्येवाला जाळलास!"

"आजे, द्येव न्हाय त्यो. चौथी स्टेज हाय."

"चार हात दिसंनात व्हय तुला?"

"दिसत्यात की. चारीतनं आग येती."

त्याच दिवशी पंच बसले. देवाच्या जागेत देव मारण्याचा धंदा चालतो, शेड उठवा, असा ठमाबाईंचा ठराव होता. (त्या पंच नाहीत, पण ठराव त्यांचाच असतो.) सर्जेराव रडकुंडीला आला. घरी आलो तर राजेश्वरीने एवढेच सांगितले, की माझ्या भावाची शेड उठली, तर तुमचं पान कुठं वाढायचं ते देवस्थानला विचारून या. पंचांनी मात्र एक न्याय केला: अण्णा शिकलेले आहेत, त्यांनी जाऊन बघावे, आत देव आहे की नाही, आणि मग सांगावे.

मी गेलो. स्वतः खेळून पाहावे हे प्रामाणिकपणाचे, म्हणून बसलो. पण पुलाच्या पुढे जाईना. पुलावर समोरून वटवाघूळ येते, आणि मला कुणी समोरून आले की बाजूला व्हायची सवय. बाजूला नदी. अखेर रावजी खेळला आणि मी चष्मा पुसून चारही हात तपासले. एका हातात शंख किंवा पाव. दुसऱ्यात तलवार. तिसऱ्यात नारळ किंवा मुंडके. चौथा मोकळा, तो अभय देतो की थोबाडीत, हे कळायच्या आत आग येते. वाहन नाही. मी रावजीला विचारले, तुला तो देव वाटत नाही का? तो म्हणाला, "अण्णा, तितं गेल्याव आपुन त्येचं त्वांड बघतच न्हाय. डावा गुडघा बघतो. गुडघा हलला की आग येती." हे मला पटले. मग माझ्या ध्यानात आले, की तो अनवाणी खेळत होता. बूट घातले की हरतो, म्हणाला. सोमवारी मशीनला हात लावत नाही. आणि नाणे टाकण्याआधी तो मशीनला शिवून हात कपाळाला लावतो. हे काय, असे विचारले तर चिडला: "ह्ये मशीनला वो! द्येवाचा काय संबंध?"

त्या रात्री रोजनिशीत मी लिहिले, की ठमाबाईंना देव दिसतो आणि रावजीला गुडघा, पण वहाणा दोघेही बाहेर काढतात. मग मला हे वाक्य जरा जास्तच चांगले वाटले, म्हणून खोडले.

पंचांपुढे मी अहवाल वाचला. एका बाजूने पाहता देव आहे, दुसऱ्या बाजूने पाहता नाही, आणि दोन्ही बाजूंनी पाहणे हेच उचित, असा त्याचा सारांश होता. मग आबाजींनी तंबाखू थुंकून विचारले, की मणी दैत्याला द्येवानं मारला, तरी त्येला द्येवाजवळ जागा हाय का न्हाय? आपुन त्येलाबी भंडारा लावतो का न्हाय? मग मेला तरी पूजा चुकत न्हाय. "मारायचा का न्हाय ह्यो प्रश्नच न्हाय. कवा मारायचा, ह्यो हाय." आणि कवा, तर अर्थात चंपाषष्ठीला, खंडोबाने दैत्य मारला त्या दिवशी. एरवी कुणी मारायचा नाही. विजयसिंहराव, मी तत्त्वज्ञानाच्या तीन वर्षांत इतका स्वच्छ निकाल वाचला नव्हता.

पण मारायचा म्हटले की मान आला. पहिला वार थोरल्या आळीचा की धाकट्या आळीचा, यावर देवळातच बाह्या सरसावल्या गेल्या. (दोन्ही आळ्यांत मशीन चालवता येणारा एकही माणूस नव्हता, हा मुद्दा मी मांडला, तो गैरलागू ठरला.) शेवटी देवाला कौल लावला: उजवे फूल पडले तर थोरली, डावे पडले तर धाकटी. दोन्ही एकदम पडली. आबाजींनी अर्थ लावला, की दोन्ही आळ्या नकोत; मान मळ्यात राहणाऱ्याचा. मळ्यात आम्ही राहतो. मानकऱ्याच्या हातून विधी पार पडला तर शेड राहील. न पडला तर देवाची मर्जी नाही असे समजून दुसऱ्या दिवशी पत्रे उतरवायचे, असेही ठरले.

मग मी शिकू लागलो. दूध संस्थेतले माझे काम आटोपून रोज शेडमध्ये. रावजी उजवीकडे उभा, "अण्णा, उडी! अण्णा, त्यो पूल हाय, नमस्कार काय घालताय!" आणि डावीकडे, दर्शनाच्या निमित्ताने, ठमाबाई. पाचसहा दिवसांत त्यांना कुठून काय येते ते पाठ झाले. "रामहरी, वटवाघूळ! हाण त्याला! बापासारखा वाट सोडू नगंस!" (वडील खरोखरच कुणालाही वाट सोडत. मला वाईट वाटले, आणि पुन्हा पडलो.)

चंपाषष्ठीला हलगी वाजवत मला शेडपर्यंत नेले. सगळी वाडी दाटली होती, उरलेले मोटरसायकलींवर उभे. मशीनला नारळ फोडला, त्याचे पाणी बटणांवर गेले. येळकोट येळकोट म्हणत असा भंडारा उधळला, की मला काच, दांडी आणि राजेश्वरी, तिन्ही दिसेनाशी झाली. पहिला जीव पुलावरून गेला. दुसरा किल्ल्यात. तिसरा मी डोळे मिटून खेळलो, कारण उघडताच येत नव्हते. डोळे उघडले तेव्हा मी देवळात होतो! रावजी कानाशी म्हणाला, "अण्णा, तुमी मिटूनच खेळत जावा."

मूर्तीने डोळे उघडले. मी गुडघ्याकडे पाहायचे ठरवले होते, पण तोंडाकडे पाहिले. गुडघा हलला. लाल बटण दाबले की तलवार उठते, अंगठा त्यावरच होता. तलवार उठली नाही. आग आली आणि आमचा इसम राख झाला.

सर्जेराव मटकन खाली बसला. राजेश्वरीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती लिहीत नाही. आणि तेवढ्यात ठमाबाई ओरडल्या, "द्येव जितला! आरं, द्येव जितला!" मग जो गुलाल आणि भंडारा उडाला, त्याला पार नाही. पत्रे उतरवायचा मुद्दा कुणीतरी काढला, तर आबाजी म्हणाले, जितं द्येव जितला ती जागा उठवायची व्हय रं? शेड कायम झाली. मला फेटा बांधला. जीत हातात असताना अण्णांनी हात आखडला, असे लोक म्हणतात आणि पाया पडतात.

त्या दिवसापासून मशीनमध्ये कुणाचीच तलवार उठत नाही. नुसत्या उड्या मारून, अंग चोरून देवापर्यंत जाता येते. म्हणजे आता ती लढाई राहिली नाही, यात्रा झाली. बायाबापड्या रांग लावून देवाच्या हातून मरायला येतात. सर्जेराव खूश आहे, कारण हरायला वेळ कमी लागतो. फक्त रावजी आणि त्याचे सोबती फिरकत नाहीत. रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "अण्णा, तुमच्या भक्तीनं आमचा खेळ बाटला." हे वाक्य मी खोडू शकलो नाही.

मी मात्र रोज स्वतःला विचारतो: बटण का दाबले नाही? भक्ती होती, भीती होती, की डोळ्यांत हळद? ज्या क्षणाबद्दल लोक पाया पडतात, तो क्षण मला नीट आठवत नाही, ही फार अवघड जागा आहे. अलीकडे भक्तीच असावी असे वाटू लागले आहे. प्रकृतीस जपावे, पाणी भरपूर प्यावे.

आपला,
रामहरी

ता. क. पंचांच्या वतीने लिहायचे राहिले. देव एकटा नसावा असे ठमाबाईंचे मत पडले असून माघात लग्न योजले आहे. जिच्यात देवी असेल असे दुसरे मशीन तिकडे पाहावे. रंग हिरवाच हवा असे नाही. हात चारच असावेत. जास्त असल्यास पुढे संसारात त्रास होईल, असे त्यांचे म्हणणे. उंची शेडच्या दारातून जाईल इतकी.

ता. क. (हे कौसल्येला वाचून दाखवू नये, ती राजेश्वरीला कळवेल.) काल रावजी आला आणि सर्जेराव जेवायला गेलेला पाहून त्याने मशीन उघडले. लाल बटणाखाली भंडारा आणि नारळाचे पाणी मिळून सिमेंट झाले आहे. त्यामुळे बटण खाली तळाला टेकत नाही, म्हणून तलवार उठत नाही, आणि ते वरही येत नाही. ते दाबलेल्या स्थितीत आत रुतलेले आहे. त्या सकाळी ते चांगले होते, किल्ल्यापर्यंत मी स्वतः वापरले. म्हणजे शेवटचे ज्याने दाबले, तो मी. पुरते, जोर लावून. रावजी माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, आठ दिवसांत नवे बटण आले तर आमी काय बघितलं न्हाय. तेव्हा तसले एक लाल बटण दूध संस्थेच्या पत्त्यावर, साध्या पाकिटात पाठवावे. ते बसवले की, पंचांचा निकाल काही असो, देव पुन्हा रोज मरेल, आणि न बसवले तर रावजी बोलेल व माझा फेटा आणि सर्जेरावाची शेड दोन्ही उतरतील. पाठवू नये असे वाटले तर मी तार करीन. तार आली तरी पाठवावे.