जेडचं एक पान

३ मार्च, मंगळवार
गेल्या! बावीसच्या बावीस कुंड्या गेल्या. दुकानातून घरी आले तर बाल्कनी धुऊन पुसून लख्ख. नवरा टीव्हीसमोर. "कचऱ्याच्या गाडीत दिल्या. किती वेळा सांगितलं होतं तुला." आवाजसुद्धा चढवला नाही. माझी स्कूटर विकली तेव्हाही असाच बोलला होता. मी नाही म्हटलेलं कधी त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही.

जिन्यात माझ्या जेडच्या झाडाचं एक पान पडलेलं दिसलं. जाडजूड, हिरवंगार. रुमालात बांधलं, वर जाऊन बॅग भरली आणि निघाले. तो म्हणाला, "दोन दिवसांत येशील."

बघूच!

८ मार्च, रविवार
चार दिवस मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंकडे काढले. आज खोली मिळाली. दुकानामागच्या गल्लीत, चौथा मजला, गच्चीला लागून. दुपारी नुसती भट्टी. पण किल्ली एकच, आणि ती माझ्याकडे!

घरमालकीण मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कुंड्या ठेव, पण गच्चीत पाणी सांडायचं नाही."
"मावशी, माझ्या झाडांना पंधरा दिवसांतून एकदा पाणी लागतं."
"मग भाडेकरू म्हणून तीच पाठवायचीस ना!"

९ मार्च
आईचा फोन. "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच."
"लागलं नाही आई, फेकून दिलं."
"झाडांसाठी घर सोडतं का कुणी? तुझ्या बाबांनी मला चाळीस वर्षांत कधी काही विचारलं? राहिलेच ना मी?"

राहिली खरी.

२२ मार्च, रविवार
पानाला मुळं! दोऱ्यासारखी, गुलाबी. तुटलेली बाजू आधी चार दिवस सुकू दिली, मग जाड वाळू आणि विटांच्या चुऱ्यावर नुसतं ठेवलं. पुरलं नाही, पाणी नाही. पोटातल्या पाण्यावरच जगलं पठ्ठं.

रोपवाल्या आजोबांकडून आणखी पाच आणली. मातीच्याच कुंड्या घेतल्या. इथल्या उन्हात पत्र्याच्या डब्यात मुळं शिजतील. आजोबांनी बजावलं, "उन्हाळ्यात ही झोपतात. लाड केलेत की कुजली म्हणून समजा."

५ एप्रिल
दोन भाजली. पानांवर तपकिरी चट्टे. चूक माझीच, दुपारचं ऊन थेट येत होतं. कठड्यावर बसून रडले. झाडांसाठीच रडत होते का, देव जाणे. मग डोळे पुसले आणि जुनी चादर दोरीला बांधून सावली केली. बाकीच्यांवर पिठ्या ढेकूण, ती कापसासारखी पांढरी कीड! दुकानातून स्पिरिट मागून आणलं आणि एकेक पान कापसाने पुसलं. दिवसभर लोकांच्या काचा पुसते, संध्याकाळी पानं. चालायचंच.

१९ एप्रिल, रविवार
दोघे आले. दादा आणि नवरा. खुर्ची एकच, त्यामुळे दोघेही उभे.

नवरा म्हणाला, "झालं गेलं विसरून जा. नवीन कुंड्या घेऊन देतो. चार. पण चारच हं."
मला हसूच फुटलं. "किती ठेवायच्या ते मी ठरवणार."
दादा मध्ये पडला. "अगं, आईचा तरी विचार कर. लोकांना तोंड काय दाखवायचं?"
"जे आहे तेच दाखव, दादा."

नवऱ्याने कोरफडीची कुंडी उचलली. उगाच, हातात खेळवत. मी म्हटलं, "खाली ठेव." पुन्हा म्हटलं, "खाली ठेव!"

ठेवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं त्याने. ते जिना उतरल्यावर मी कडी लावली.

२० एप्रिल
आई फोनवर म्हणाली, "त्याला दारातून परत पाठवलंस? मग मला मुलगी नाही असं समजेन मी." आणि फोन ठेवला.

समज. मी दुकानात गेले, सात चष्म्यांना काचा बसवल्या. एकही वाकडी नाही.

२६ एप्रिल
आईचा फोन नाही. मीही केला नाही. आजोबांकडून आणखी रोपं आणली, आता सोळा कुंड्या झाल्या.

३ मे, रविवार
सकाळी दार वाजलं. आई! एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात औषधांचा डबा. चार जिने चढून धाप लागलेली.

मी दारातच म्हटलं, "न्यायला आली असशील तर मी येणार नाही."
"न्यायला नाही गं. राहायला आले." मला बाजूला सारून ती आत आली आणि खुर्चीवर बसली. "तुझ्या बाबांना सांगून आलेय, गॅस चालू आहे, तुमचा तुम्ही बंद करा."