सेंगीचा अर्थ आणि माडीचे भोपळे

गेडे, बुधवार

प्रिय कडेंगे यास मोठ्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझा गुडघा, जुम्वावहिनीचा दमा आणि तुमचे माड बरे असतील अशी आशा करते (माडांबद्दल पुढे लिहीनच). मी ठणठणीत आहे. संतापानं माणसं मरत असती, तर हे पत्र तुला फादरांनी लिहिलं असतं.

अरण्याच्या फाटकावर आपल्या सेंगीची पाटी शनिवारी पाहुण्यांसमोर लागायची आहे. लांब नाकाचा, सोनेरी पार्श्वभागाचा हा गरीब जीव (कॉन्व्हेंटात मला हे 'मागील बाजूस' असं लिहावं लागलं असतं). जगातल्या विद्वानांनी त्याला चिचुंद्री म्हणणं सोडून आपल्या स्वाहिलीतलं नाव उचललं. पण त्या नावाचा अर्थ त्यांना कोण सांगणार? अरण्य समितीची अध्यक्ष म्हणून मी. शनिवारपर्यंत अर्थ मिळाला नाही, तर खजिनदार फिलोमेना पाटीवर 'एक प्रकारचा उंदीर' असं रंगवणार आणि माझ्या खुर्चीवर बसणार.

म्हणून गेले पंचांकडे. पंचांना काही विचारायचं तर पुढ्यात माडीनं भरलेला पोकळ भोपळा ठेवावा लागतो, हे तुला मी काय सांगायचं? पण मी दारूबंदी मंडळाची प्रमुख. भोपळा वेदीच्या कापडात गुंडाळून भर दुपारी नेला. वाटेत फादर भेटले आणि बाळाला आशीर्वाद देऊन गेले.

काजूच्या झाडाखाली मुख्य पंच म्हणून कोण बसलेला? चारो. ज्याला मी तिसरीत दोन वर्षं बसवलं तोच. मला उभं ठेवून विचारतो, "बाई, उत्तर एका शब्दात हवं की पूर्ण वाक्यात?"

पहिल्या भोपळ्याला सेंगीचा अर्थ निघाला 'नाकानं अंगण झाडणारा'. दुसऱ्या दिवशीच्या भोपळ्याला 'जेवण होताच निरोप न घेता पळणारा', त्यावर म्हातारा त्सुमा म्हणाला, "म्हणजे माझा जावई." तिसऱ्याला मी छडी काढली. (छत्री होती, पण चारो सावरून बसला.)

"बाई, रागावू नका. तुमच्या हलुवा नावाचा अर्थ काय?"

"अर्थ कसला? आजीचं नाव आहे. आपल्यात आजीचंच ठेवतात."

"मग सेंगीलाही तिच्या आजीचंच ठेवलंय. लिहून घ्या. सुवाच्य अक्षरात."

कडेंगे, यात खोट काढून दाखव. मला काढता आली नाही. पाटी रंगवून झाली.

तुझी बहीण,
अगाथा हलुवा

ता.क. पाहुण्यांसमोर पंच याच अर्थावर ठाम राहावेत म्हणून शनिवारी सकाळी तुझ्या माडांची ताजी माडी पाठव. पिंपावर 'पवित्र जल' लिही.

ता.क. २. फिलोमेनानं आत्ताच विचारलं की त्या आजीला ते नाव कशावरून पडलं. चारो म्हणतो, हा प्रश्न वेगळा, भोपळा वेगळा. तेव्हा दोन पिंपं पाठव. जमल्यास तीन. आजीलाही आजी असणार.