आई कोणाच्या नावावर

४ मार्च, सोमवार
रिटर्न भरलं. अकरा मिनिटांत. ऑफिसातले लोक महिनाभर कागद चिवडत बसतात. विमा, फी, चष्मा, एकही वजावट सोडली नाही. ‘अवलंबून असलेले पालक’ या रकान्यात आईला घातलं. आई सहा वर्षं ताईकडे राहते, पण आई ती आईच. शिवाय परवाच तिला घरात घालायच्या चपला मीच घेऊन दिल्यात. ताई कागदांना घाबरते, ती कुठली वजावट घेते? आईची सही जानेवारीतच घेऊन ठेवली होती. कशावर करू म्हणाली. मी म्हटलं, सरकारी आहे. तिने चष्मासुद्धा शोधला नाही.
संकल्प: उद्यापासून रोज अर्धा तास चालणे.

१९ मार्च
टायपिस्टबाईंना सासऱ्यांच्या औषधांची वजावट मिळवून दिली. ऑफिसात मला वजावटमास्तर म्हणतात. ‘कायदा देतो ते घ्यायला लाज कसली’ हे माझं वाक्य आता कॅन्टीनमध्ये सगळे म्हणतात. म्हणताना हसतात. बहुतेक दुसऱ्या कशाला तरी.
चालणं अजून सुरू नाही. बूट चावतात.

१० एप्रिल
रिफंड आला! ट्रेडमिल घेतली. मागच्या खोलीत बसवली. ही म्हणाली, ती खोली आईंसाठी ठेवली होती ना. मी म्हटलं, आहेच की. आई आली की मशीन सरकवू.
मशीनचं वजन एकशे दहा किलो.

१८ एप्रिल
ट्रेडमिल, आजवर: सव्वीस मिनिटं. त्यातली नऊ मी तिच्यावर उभा राहून माहितीपुस्तिका वाचत होतो. सध्या टॉवेल वाळताहेत.

६ मे
ताईचा फोन. तिचा रिफंड अडकलाय. नोटीस आली आहे: तुम्ही दाखवलेली अवलंबून व्यक्ती दुसऱ्या करदात्यानेही दाखवली आहे. म्हणजे ताई दरवर्षी वजावट घेते. मला कधी बोलली नाही.
ती हॉस्पिटलात नर्स, पाळ्या करून दमलेली. म्हणाली, कोणीतरी लबाडाने आईचा नंबर चोरलाय, तूच बघ बाबा, तुला यातलं कळतं. रिफंड आला की आईची नवी कवळी करायची होती. जुनी फेब्रुवारीत तुटली. तेव्हापासून आई सगळं चहात बुडवून खाते.
मी म्हटलं, बघतो. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण ताई घाईत होती. फोन चोवीस मिनिटं चालला.
उद्या सांगणार.

७ मे
ताईची दिवसपाळी. कामात कशाला.

८ मे
रात्रपाळी. झोपली असेल.

९ मे
सुट्टी. सुट्टीच्या दिवशी असलं काही सांगू नये.

१२ मे, रविवार
ताई नोटीस घेऊन घरी आली. तक्रार अर्ज मीच लिहून दिला. ‘कोणा अज्ञात इसमाने’ अशी सुरुवात. अर्ज उत्तम झाला. ‘या अप्रामाणिक इसमावर कडक कारवाई व्हावी’ हे ताईने घालायला लावलं. मी ‘कडक’ खोडून ‘योग्य’ केलं. ताई म्हणाली, कडकच ठेव. ठेवलं.
ही आत भांडी आपटत होती. ताई गेल्यावर म्हणाली, चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, अर्ज आज पाहिला.
जाताना ताईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, तू आहेस म्हणून बरं. लाज वाटली. खरोखर वाटली. जेवण मात्र व्यवस्थित गेलं.

१५ मे
तोडगा सापडला. आईला आठ दिवस आपल्याकडे आणायचं. मग ती माझ्यावर अवलंबून ठरतेच आणि खोटं असं काही उरत नाही. ताईला फोन केला. म्हणाली, सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणालास रे. नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी असावी.

१८ मे, शनिवार
आई आली. मशीन हललं नाही. तिला बाहेर सोफ्यावर झोपवलं. तिने विचारलं, ते यंत्र कसलं. मी म्हटलं, चालायचं. म्हणाली, मग चालत भेटायला का येत नाहीस, वीस मिनिटांचा तर रस्ता.
बूट चावतात हे सांगावंसं वाटलं नाही.

१९ मे
सकाळी मी स्वतः आईला सफरचंद कापून दिलं. दात नाहीत हे डोक्यातच नव्हतं. तिने फोडी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवल्या, मला वाईट वाटू नये म्हणून. कोणती गोळी कधी, हे मला ठाऊक नाही. ताईला तीन फोन. संध्याकाळी आई म्हणाली, मला आता घरी सोड.
सोडलं. मुक्काम: एक रात्र.

३ जून
कर कार्यालयाची दोन पत्रं. एक ताईला, एक मला. सुनावणी १० तारखेला, एकाच वेळी, एकाच टेबलावर. आईलाही आणायचंय. ताईचा फोन आला, सल्ला द्यायला तू बरोबर ये. ही म्हणाली, आता तरी जाऊन सांगा. मी म्हटलं, आदल्या दिवशी सांगतो, उगाच तिला आठवडाभर मनस्ताप नको.

९ जून
ताईच्या दारापर्यंत गेलो. चालत. सतरा मिनिटं. आत ताई आईला केळं कुस्करून भरवत होती, हा शेवटचा घास म्हणत होती. शेवटचे चार घास झाले. बेल न वाजवता परत आलो. येताना पंधरा मिनिटं. व्यायाम झाला.

१० जून, संध्याकाळी
टेबलामागे चष्मेवाल्या बाई. त्यांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला, ‘कडक’सकट. मग विचारलं, दुसरे करदाते हजर आहेत का. मी हात वर केला, वर्गात करतात तसा. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.
बाईंनी आईला विचारलं, गेल्या वर्षी मुलाकडे किती दिवस राहिलात. आई म्हणाली, त्यालाच विचारा, हिशेबात तो हुशार आहे.
मी म्हटलं, शून्य.
बाईंनी लिहून घेतलं. रिफंड परत भरायचा, वर दंड.
बाहेर ताई म्हणाली, मागितलं असतंस तर मी सोडलं असतं रे, एवढं काय त्यात. आई म्हणाली, आपलेच दात, आपलेच ओठ. आणि बोळकं मिटून घेतलं. बस आल्यावर ताईने तिकिटं तीन काढली.

१६ जून, रविवार
ट्रेडमिल निम्म्या किमतीत गेली. कवळीचे पैसे घेऊन ताईकडे गेलो. घेतले नाहीत. तिचा रिफंड सुटलाय. म्हणाली, पैसे ठेव तुझ्याकडे. आतापासून रविवारी माझी पाळी असते, आईला भरवायला येत जा. आणि ड्यूटीवर गेली.
केळं कुस्करलं. मन लावून कुस्करलं. आईने एक घास घेतला, तोंडात बराच वेळ घोळवला. म्हणाली, गुठळ्या राहिल्यात. राहू दे, ताई आली की खाईन.
ताई पाचला येते. तेव्हा पावणेतीन वाजले होते.