हौशाच्या पाठीवरचा भोवरा

मुरबाड,
९ जानेवारी २००६

तीर्थरूप लडकूमामांस,

कमळाकरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). मामींचा गुडघा कसा आहे? चिरंजीव हरेशला आशीर्वाद, जरी या घोटाळ्यात त्याच्या प्रिंटरचाही वाटा असला तरी.

गिरजाकाकूंच्या हौशाचा फोटो पाहून तुम्ही फोनवर म्हणालात, "कमळ्या, वशिंडामागं केसांचा भोवरा हाय त्याच्या. असला अशुभ बैल मी दावणीला नाय बांधायचा. आन् हिरवा बैल तर आमी जन्मात बघितला नाय!" तेव्हापासून शेजारच्या गिरजाकाकू नीट जेवलेल्या नाहीत. देवरामकाका गेल्यावर त्यांना शेती झेपत नाही. त्या लेकीकडे राहायला निघाल्यात. हौशाला म्हशाच्या गुरांच्या जत्रेत उभा केला तर कोणता दलाल कुठे नेईल, याचा भरवसा नाही. तुमच्या गोठ्यात थकलेला बैलही शेवटपर्यंत वैरण खातो, म्हणून त्यांना गिऱ्हाईक तुम्हीच हवे आहात. त्यामुळे त्या भोवऱ्याची मी कसून चौकशी केली.

सुरुवात माझ्याच चुकीने झाली. उसन्या डिजिटल कॅमेऱ्यात जास्त फोटो मावावेत म्हणून मी सगळ्यात लहान आकार निवडला. फोटो म्हणजे बारीक रंगीत चौकोनांची फरशी; मी अख्खा बैल मोजक्याच चौकोनांत बसवला. मग सायबर कॅफेतला साईनाथ म्हणाला, "काका, मेल जात नाय, जरा दाबतो." मला वाटलं, गोणीत पेंढा दाबतात तसं असेल, सोडला की पुन्हा फुगेल. पण संगणक दाबतो म्हणजे शेजारचे जवळपास सारखे चौकोन एकाच रंगाने सारवतो आणि बारकावे फेकून देतो. ते परत येत नाहीत. (हे मी आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर कळलं असतं का, हेही मी स्वतःला विचारून पाहिलं.) तो सारवलेला हौशा हरेशने कॅलेंडरएवढा ताणला, तेव्हा वशिंडामागचे ठिपके गोल फिरल्यासारखे दिसू लागले. हिरवेपणा गोठ्यातल्या ट्यूबलाइटचा, आणि उरलेला हरेशच्या प्रिंटरमधली लाल शाई संपल्याचा.

तरी खात्री हवी म्हणून मी हौशाच्या पाठीवर बोटं फिरवत बसलो. काकू म्हणाल्या, "काय रे, उवा काढतोस का त्याच्या?" पाठ स्वच्छ आहे, मामा. उन्हात, मोठ्या आकारात काढलेला नवा फोटो सोबत आहे. बैल पांढराच आहे.

आपला,
कमळाकर

ता. क. पाठ स्वच्छ आहे, पण पोटाखाली डावीकडे एक खराखुरा भोवरा सापडला. तो कुठल्याच फोटोत आला नसता. काकू म्हणाल्या, "नको सांगू रे, कोन बघतंय तिथं!" पण न सांगता मला पाकीट चिकटवता येईना. शुभ की अशुभ, तुम्हीच ठरवा.

आणखी एक. पत्र पोस्टात टाकायचं राहिलं, आणि आज सकाळी काकू लेकीकडे गेल्या. हौशाला जत्रेकडे न्यायला माझे पाय निघेनात, म्हणून तो आमच्या अंगणात आहे. तुमच्या भाचेसुनेने, संजीवनीने लावलेली सगळी मेथी त्याने खाल्ली. ती माझ्याशी बोलत नाही, त्याच्याशी बोलते. भोवरा चालत असेल तर लगेच या. दुपारपासून ती त्याला "बाळा" म्हणू लागली आहे. उशीर केलात तर ती बैल देईल असं मला वाटत नाही.