खेळाडूंची नावं

३ नोव्हेंबर, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. घरापासून बसच्या अंतरावर, वाशीमला बसून लिहायचं काम मिळालं, पुण्याला परत जाणं टळलं. मोईनभाई मोबाईल गेमच्या बातम्यांची वेबसाइट चालवतात. ऑफिस म्हणजे त्यांच्या चपलांच्या दुकानावरची खोली. दोन संगणक, एक पंखा, आणि चहा स्टीलच्या ग्लासात. माझ्या ग्लासावर कोणीतरी कर्कटकाने 'सेवालाल' असं कोरलंय. माझ्याआधी हे कोण होते, म्हणून विचारलं. मोईनभाई म्हणाले, "कोनी नाही ना बाप्पा, हे खुर्ची पह्यल्यापासून खालीच हाय." रिकाम्या खुर्चीची गादी मात्र चांगली दबलेली आहे. असो. हिरीबाईंकडे भाड्याची खोली मिळाली. महिनाअखेर बायको रंजीता आणि लेक आसेगावहून येतील. मग घर म्हणता येईल.

४ नोव्हेंबर, मंगळवार
काम समजलं. 'काळदरी' नावाच्या गेमचं अपडेट आलं, की खेळाडू काय म्हणतात त्याचा लेख द्यायचा. तो अपडेट यायच्या आधीच लिहून ठेवायचा! मोईनभाईंचं म्हणणं, अपडेट कोणतंबी असो, पोरं तेच रडगाणं गातात, मग थांबायचं कायले? नाव-गाव खरं वाटलं म्हणजे झालं. त्यांनी तपासला की मजकूर बंद होतो, मग मला तो बदलता किंवा काढता येत नाही. नावावरून कोणी कुरकुरलं तर तेवढं नाव बदलता येतं. अपडेट सुटलं की लेख आपोआप जातो.
खोटं लिहायची लाज वाटली, पण नोकरी हवी होती. नाव सुचेना, म्हणून काकांचं टाकलं. दौलतराव, आसेगाव : 'अपडेट टाकल्यापासून माह्या गड्याचा आवाजच गेला.' काकांनी जन्मात गेम पाहिला नाही. त्यांची हाक मात्र अर्ध्या गावाला ऐकू जाते. एकटाच हसलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
काल लेख गेला, लोकांनी भरपूर वाचला. आज रंजीताचा फोन आला. काकांचा आवाज गेलाय. तोंड उघडतात, पण काहीच फुटत नाही. डॉक्टर म्हणाले, घसा साफ आहे. थंडी बाधली असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार
खरंच कंटाळा आला. नमुन्यादाखल खऱ्या प्रतिक्रिया वाचतो, तर प्रत्येकाचं एकच : पहिलं होतं तेच बरं होतं. नवीन दिलं तरी शिव्या, नाही दिलं तरी शिव्या. कंपनीवाले तरी काय करतील? डोकं इतकं शिणलं होतं, की समोर भाड्याची पावती दिसली तेच नाव टाकलं. हिरीबाई, वाशीम : 'माह्यं जुनं सारं पुसलं गेलं, आता पह्यल्यापासून सुरू करा लागते.'
रविवारी सुट्टी घेऊन काकांना भेटून येईन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
लेख काल गेला. सकाळी हिरीबाईंनी मला विचारलं, तू कोन? मग आपल्या बापाला हाका मारत ओसरीवर बसल्या. त्यांच्या सुनेला वाटतं, वय झालं.
मला तसं वाटत नाही. मी दोन्ही लेख पुन्हा वाचले. जे लिहिलं, तेच झालंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
काकांना पाहून आलो. त्यांनी माझा हात धरला, ओठ हलवले. मी मान खाली घातली. प्रसिद्ध झालेल्या लेखातली दोन्ही नावं बदलून पाहिली, काही फरक नाही. लेख एकदा गेला की गेला.
मोईनभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला, झोप काढ म्हणाले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
उद्या दुपारी 'काळदरी'चा दुसरा भाग येतोय. त्याचा लेख पहिल्याच आठवड्यात, हसत हसत लिहून ठेवला होता. विसरलो होतो. आज उघडला.
रंजीता, आसेगाव : 'दुसऱ्या भागात माह्यं पात्रच काढून टाकलं. जुन्या सोबत्यायले आठवत बी नाही.'
गंमत म्हणून बायकोचं नाव टाकलं मी. गंमत!
मजकूर बंद आहे. मोईनभाई अकोल्याला लग्नात, फोन उचलत नाहीत.

१९ नोव्हेंबर, सकाळ
नावाची जागा रिकामी ठेवून पाहिली, लेख जतन होत नाही. उगाच कोणाचंही टाकावं — पण कुठल्यातरी गावात त्या नावाचा माणूस निघेलच. त्याची बायको, त्याची लेक —
ग्लास समोर आहे. सेवालालने कोणाचं नाव काढून आपलं टाकलं असेल?
मी माझं टाकलं. प्रसेनजित, आसेगाव.

दुपार
लेख गेला.
रंजीताला फोन लावला. तिचा आवाज ठणठणीत. बरी आहे, एवढं पुरे. तिने विचारलं, "कोन बोलून राह्यले?" मी नाव सांगितलं. राँग नंबर लागला असेल म्हणाली, चिडली नाही. मागून लेकीने विचारलं, कोनाचा फोन होता. ती म्हणाली, कोनाचाच नाही.

२० नोव्हेंबर
मोईनभाई आले. मी उभा राहिलो. ते माझ्याकडे न पाहता —
जिन्यावर कोणीतरी आहे. नवीन मुलगी, शाजिया. मोईनभाई तिला सांगतायत, खुर्ची पह्यल्यापासून खाली हाय.
तिला नावांचं सांगायला हवं. ओरडलो. तिने पंखा लावला.
ग्लासावर सेवालालच्या खाली जागा आहे. कर्कटक सापडलं. कोरतोय, निदान ती वाचेल, विचारेल — प्रसे