कळवणारी, वैशाली

८ जानेवारी, गुरुवार
घाटकोपरहून बाळूदादा आला होता. भावकीत आता तोच मोठा, म्हणून रविवारी वैशाली गेल्याचं त्यानेच सगळ्यांना कळवलं. म्हणजे नेहमीसारखी भावकीच्या पत्त्यावर मेल टाकली आणि पुढचं आपोआप झालं. ते आपोआप वैशालीनेच केलेलं. कोणाकडे मूल झालं, कोणी गेलं, की एकाने त्या पत्त्यावर कळवायचं. सोयर-सूतक लागणाऱ्या सगळ्या घरांना मेल जाते, विरारपासून पनवेलपर्यंत. खाली ठरलेली ओळ: कळवणारी, वैशाली.
याही वेळी तशीच गेली. बातमी तिची आणि खाली नाव तिचंच.
बा.दा. म्हणाला, "माझ्या लक्षातच आलं नाही रे. सवयीने हात गेला."
राग आला का? तसंही नाही. काय वाटलं ते

१० जानेवारी, शनिवार
ऑफिसमधून फोन. माझ्या मेलवरून उत्तर जात नाही म्हणून पार्ट्या ओरडतायत. सुट्टीचं आपोआप जाणारं उत्तर लावून ठेव म्हणाले, कसं लावायचं तेही सांगितलं. लावलं. 'मी काही दिवस येऊ शकणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व.'
भावकीच्या यादीतही माझा ऑफिसचाच पत्ता आहे. दुसरा मी कधी काढलाच नाही. वै. चिडवायची, "तुझ्या घरी कोण मेलं ते आधी तुझ्या साहेबाला कळणार."

११ जानेवारी, रविवार
आज भलतंच झालं.
दुपारी बा.दा.ने तेराव्याची मेल टाकली. विषयात 'वैशालीचे निधन'. जेवत होतो तेवढ्यात मालाडच्या काकींचा फोन. "सुनील, अरे आणखी कोण गेलं? मेलवर मेल येतायत. आणि हे काय लिहिलंय?"
बघितलं. 'मी काही दिवस येऊ शकणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व. कळवणारी, वैशाली.' पुन्हा तीच. पुन्हा तीच. सगळ्या घरांना.
काकी म्हणाल्या, "मी शेजारणीला बोलावून पुन्हा वाचून घेतलं."
मग बा.दा.चा फोन. "बंद कर ते! कुठे बटण आहे त्याचं?"
"मला माहीत नाही."
"बायको तुझी ना रे?"
"हो. पण मला माहीत नाही."
कोणीतरी त्याला विचारलंय म्हणे, दर मेलला नवीन सूतक धरायचं का. हसावं की काय करावं.
शेवटी रेश्माला फोन केला. वै.च्या पवईच्या ऑफिसमधली, तिचा हा प्रोग्राम माहीत असलेली. कांदिवलीला घरी होती, तिथूनच तिने ते थांबवलं. मग मी लॅपटॉप झाकला. एक मेल मात्र मोबाइलवर पुन्हा उघडली. येऊ शकणार नाही, तसदीबद्दल क्षमस्व. वै. असंच बोलायची, कमी आणि सभ्य. माझं वाक्य आहे हे माहीत असून

१२ जानेवारी, सोमवार
रेश्मा येऊन गेली. तिने समजावलं ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. वै.चा प्रोग्राम सर्व्हरवर आहे, तिच्या लॅपटॉपमध्ये नाही. म्हणून लॅपटॉप बंद असला तरी तो चालू. मेल आली की विषय बघतो. विषयात 'निधन' किंवा 'जन्म' असेल तर सगळ्यांना पाठवतो, मलाही. मला मेल आली की माझं सुट्टीचं उत्तर परत त्या पत्त्यावर जात होतं, आणि त्याच्या विषयात पुन्हा 'निधन'. की पुन्हा सगळ्यांना.
"म्हणजे तुमचा मेलबॉक्स आणि तिचा प्रोग्राम दुपारभर एकमेकांना उत्तरं देत बसले होते," ती म्हणाली.
वै. आणि मी, आम्ही दोघं तसे कमी बोलणारे.
आता आलेली मेल आधी थांबून राहील, मी सोडली तरच जाईल. सोडायची कशी ते दोनदा दाखवून गेली. जाताना तिने विचारलं, "सुनीलदादा, खालचं नाव बदलून देऊ का? एका ओळीचं काम आहे."
राहू दे म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

१६ जानेवारी, शुक्रवार
तेरावं झालं. आलेल्यांनी अकरा तारखेचा विषय काढायचा नाही असं ठरवलं असावं, पण वड्यांवर हात चालू झाल्यावर बा.दा.ने काढलाच. "सुन्या, ते नाव काढ. गेलेल्या माणसाने सूतक कळवायचं, हे काय? उद्या कोणाच्या पोराचा जन्म पण तीच कळवणार का?"
काकी म्हणाल्या, "असू दे की रे बाळू. कोणाला चावतंय ते नाव?"
"तुमच्या घरात अवघडलेली बाई असती म्हणजे कळलं असतं."
प्रशांत, बा.दा.चा धाकटा भाऊ, मान खाली घालून जेवत होता. त्याच्या बायकोला नववा चालू आहे. त्याच्यासमोर हे बोलायला नको होतं.
बा.दा. मला म्हणाला, "तू बोल ना काहीतरी."
बघतो म्हणालो. दोन्ही बाजूंचं पटत होतं. वै.ला विचारावं असं मनात आलं, आणि मग

१८ जानेवारी, रविवार
वै.च्या प्रोग्रामची फाइल उघडली. इंग्रजीच्या जंगलात ती नावाची ओळ मराठी. त्याच्या खाली आणखी एक भाग आहे, तो रेश्माला फोनवर वाचून दाखवला. सगळ्यांना मेल गेल्यावर तो वै.ला एकटीला एक मेल पाठवतो: यांना फोन करायचा. ज्यांच्याकडे मेल नाही त्यांची नावं. एकेक करत ती सगळी गेली, आता एकच उरलंय. आत्या, गावची.
म्हणजे आत्याला ती फोन करायची. मला वाटायचं आत्याला गावातलंच कोणी सांगत असेल. कधी विचारलंच नाही. वै.चं तिला बा.दा.ने शेजाऱ्यांकरवी कळवलं, म्हणे. मी अजून आत्याशी बोललेलो नाही.
रेश्माला सांगून ती मेल आता मला येईल असं केलं. एवढा एकच बदल. नाव तसंच ठेवलं. म्हणजे काढलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार
प्रशांतला मुलगी झाली. बोरिवलीच्या हॉस्पिटलात, दोघी बऱ्या आहेत. सकाळी त्याने पत्त्यावर मेल टाकली, ती थांबून आहे. मी दिवसभर ऑफिसमध्ये तिच्याकडे बघतोय.
संध्याकाळी त्याचा फोन. "दादा, पाठव ना रे. काकींकडे परवा माघी गणपती. मूर्ती आणायच्या आधी कळायला हवं, नाहीतर माझ्या नावाने शिमगा करतील."
"नावाचं काय करू?"
"मला चालेल रे. हिला विचारलं नाही. बाळूदादाला तर..." मग म्हणाला, "तू कर काय ते."
हेच सगळे म्हणतात.

२१ जानेवारी, बुधवार
ऑफिसला जायच्या आधी बसलो. तिचं नाव पुसलं. जागा मोकळी ठेवली तर प्रोग्राम अडेल असं रेश्मा म्हणाली होती. माझं नाव घातलं. बातमीखाली ते बघवेना, दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखं. पुसलं. 'भावकी' घातलं. सोसायटीची नोटीस वाटली. पुसलं. तिकडे काकींची मूर्ती आणायची वेळ होत आलेली.
तिचं नाव परत लिहिलं आणि मेल सोडली.
लगेच मला एकट्याला मेल: यांना फोन करायचा. आत्या.
फोन तिनेच उचलला. मी सुनील म्हटलं. मग सांगितलं, प्रशांतकडे बाळ झालं.
"तुका कोणी सांगल्यान?"
"वैशालीची मेल आली," म्हणालो. तोंडातून निघून गेलं. परत घेता येईना.
पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.
"बरा," ती म्हणाली. "झील की चेडू?"
"चेडू."
फोन ठेवला तेव्हा बा.दा.चे मिस्ड कॉल येऊन पडले होते. बूट घातले. अजून त्याला फोन केलेला नाही.